रायणीच्या मुळावर उभा चिकू

डहाणूतल्या मसोलीपासून उत्तरेला नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असं किनाऱ्याकिनाऱ्याने जावं, तर चिकूच्या वाड्या साथ सोडत नाहीत. डहाणूकराला चिकू परका म्हटलेलं रुचायचं नाही. पण त्याचं कूळ शोधायला निघालं की थेट मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलात पोचावं लागतं. माया लोकांनी टिकालच्या देवळांच्या दारांवर याच झाडाच्या टणक तुळया बसवल्या होत्या. हजार वर्षांनंतरही त्यांतल्या काही शाबूत होत्या. झाडाचा चीक तिथले लोक चघळत. 1871 साली न्यू यॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्सने त्याच चिकापासून च्युइंगगम बनवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं.

स्पॅनिश जहाजांतून हे झाड फिलिपिन्सला आलं आणि पुढे आशियाभर पसरलं. महाराष्ट्रातल्या लागवडीची सुरुवात 1898 साली घोलवडला झाली, असं मानतात. जागा सोयीची होती. हवा समुद्राची, निचऱ्याची जमीन, आणि मुंबईची बाजारपेठ रेल्वेने जोडलेली. इराणी आणि पारशी बागायतदारांनी इथे वाड्या उभ्या केल्या, पुढे इतर समाजही या शेतीत उतरले.

पण झाड आणलं म्हणजे रुजलं असं होत नाही. बियांपासून चिकू लावला तर फळाला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते, आणि फळ आईसारखंच निघेल याची खात्री नसते. यावर उपाय सापडला तो इथल्याच रायणीत. रायण म्हणजे खिरणी, चिकूची भारतीय भाऊबंद. वाढीला सावकाश, पण चिवट. तिचं रोप चिकूच्या झाडाजवळ ठेवायचं, रोपाची आणि चिकूच्या फांदीची साल तासायची, दोन्ही जखमा एकमेकींना भिडवून घट्ट बांधायच्या. जोड एकजीव झाला की वरून रायणीचा शेंडा आणि खालून चिकूची फांदी कापायची. हे भेटकलम. वाडीतल्या कालीपत्ती जातीच्या चिकूला गोडी मेक्सिकोच्या वंशाची, पण त्याला धरून ठेवणारी मुळं इथल्या मातीतली.

झाडाखाली घाम कोणाचा, हेही कुळकथेत यायला हवं. फळ झाडावर पिकू न देता तयार झालेलंच हेरून, देठाचा चीक सांभाळत उतरवावं लागतं. तोडणीचं हे काम मुख्यतः वारली आणि इतर आदिवासी मजुरांच्या हाती आहे. याच भागात, तलासरीतल्या झरी गावी, 1945 साली वारल्यांनी वेठबिगार न करण्याचा निर्धार केला होता. त्या लढ्याची हकिगत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिली आहे.

पुढे या वाड्यांच्या मुलखाला सरकारी संरक्षणही मिळालं. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर बंधनं घातली. 2016 साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने गावाच्या नावाला संरक्षण दिलं, पण नवी कलमं त्याने तयार होत नाहीत. जुन्या वाड्यांतली झाडं बदलायची तर खुंटासाठी, म्हणजे कलमाच्या मुळाकडच्या भागासाठी, रायणीची रोपं लागतात, आणि रोपांसाठी रायणीचं बी. तेव्हा चिकूची काळजी असलेल्या माणसाने बांधावरची रायण तोडताना दोनदा विचार करावा.