बांध आधी की कायदा आधी?

निडीहून पेणकडे जाणाऱ्या गाडीत कधी डाव्या हाताच्या खिडकीशी बसा. नागोठणं मागं पडलं, कासू गेलं, की जमीन सपाट व्हायला लागते. ही खारपट्टी. बांध, उघाड्या, तिवरं आणि पलीकडे धरमतरच्या खाडीची बाजू. अलीकडे याच सपाटीत मधूनच मातीचे भराव दिसतात, प्लॉटच्या पाट्या दिसतात. मग डब्यात कोणीतरी म्हणतंच, "याला परवानगी दिली कोणी?"

प्रश्न बरोबर आहे मंडळी, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आहे. पाणी कुठवर येतं, हे ठरवतं कोण?

पूर्वी हे बांध राखणारा ठरवायचा. खारातल्या जमिनीचा शिलोत्री नावाचा एक जुना प्रकार होता. शिलोत्रीदार बाहेरचा बांध राखायचा आणि त्याबद्दल कुळांकडून सरकारी साऱ्याशिवाय वेगळं भात घ्यायचा. न्याय होता असं मी म्हणत नाही. याच जिल्ह्यात १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीचा संप सुरू झाला, आणि कुळांनी वर्षानुवर्षं जमीन पडीक ठेवून खोतांशी झुंज दिली, ती उगाच नाही. पण बांधाचं म्हणाल, तर खांड पडली की गाव धावायचं. रात्री उधाण असलं तरी. आणि खारात घर बांधायचं कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. जुनी गावठाणं बघा, टेपावर किंवा डोंगराच्या पायथ्याशी आहेत. खाली भात, वर घर. कुठला नकाशा नव्हता, पण पाणी कुठवर येतं हे पोरासोरांना ठाऊक होतं.

मग १९४८ साली खार जमिनींचा कायदा आला. कूळकायद्याने १९५७ साली कसणारा मालक झाला, फार चांगलं झालं. १९७९ ला खारजमीन विकासाचा नवा कायदा आला, पेणला खारभूमीचं ऑफिस झालं. बांध सरकारी झाला. आता खांड पडली की गाव धावायच्या ऐवजी अर्ज धावायला लागला. अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा... तोवर दोन पावसाळे. खारं पाणी आत एकदा मुरलं की भात गेलंच, आणि पाणी येत-जात राहिलं की तिवरं उगवतात. सात-बारावर भात, जागेवर तिवरं. असे सात-बारे आपल्या पेण तालुक्यात किती आहेत, तुम्हालाच विचारतो.

आता परवानगीचा इतिहास. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने घर बांधण्याआधी पंचायतीची परवानगी घ्यावी लागू लागली. गावठाणाबाहेर बिनशेतीसाठी १९६६ च्या महसूल संहितेप्रमाणे कलेक्टर. या दोन्हीत खाडीच्या पाण्याचा वेगळा विचार नव्हता. तो आला वरून. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा म्हणून. त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची अधिसूचना निघाली, तीच आपली सीआरझेड. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नदीचंही तेच. जुलै १९८९ ला अंबा नदीने जांभूळपाड्यात काय केलं, ते आठवणारे अजून आहेत. नागोठण्यातही पाणी होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात पाटबंधारे खात्याचं परिपत्रक निघालं : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधायचं नाही. रेषा कागदावर चांगली आहे. आपल्या गावच्या नकाशावर ती आखलेली कोणी पाहिलीय का?

२००५ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टाने तिवरांच्या तोडीला आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आतल्या बांधकामाला मनाई केली, जमीन कोणाचीही असो. २०१८ च्या सप्टेंबरात अंतिम निकालही तिवरांच्या बाजूने लागला. मी या निकालाच्या बाजूचा आहे. तिवरं नसतील तर बांध एक उधाणही झेलणार नाही. पण जिच्यावर सरकारने बांध दुरुस्त केला नाही म्हणून तिवरं आली, त्या शेताच्या मालकाला कोणी एक शब्दानेही विचारलं नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

आता २०१९ ची सीआरझेड. तिच्यात दोन गोष्टी आहेत, आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

एक. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीचा बांध किंवा उघाडी असेल, तर भरतीची रेषा त्या बांधाशीच थांबते. मात्र खारं पाणी शिरून बांधाच्या आत तिवरं उगवली असतील, तर तेवढी जागा सगळ्यात कडक वर्गात, सीआरझेड-१ए मध्ये जाते. म्हणजे बघा हं. शेजारी-शेजारी दोन शेतं. दोघांच्याही बांधाला खांड पडली. एकाने वेळेत डंपर लावून भराव टाकला, तिवर येऊच दिलं नाही, त्याची जागा मोकळी. दुसऱ्याकडे डंपरचे पैसे नव्हते, तो खारभूमीच्या ऑफिसात चकरा मारत बसला. त्याची जागा कायमची बंद.

दोन. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला किनारा प्राधिकरणाची शिफारस नको, स्थानिक प्राधिकरणाने सीआरझेडच्या नजरेतून तपासून मंजुरी द्यावी. म्हणजे साठ-सत्तर वर्षं फिरून तपासणी पुन्हा खाली आली. फक्त मधल्या काळात पाणी कुठवर येतं हे सांगणारी माणसं गेली, आणि १:४००० चा गटवार किनारा नकाशा समोर नसेल तर तपासणार काय? अर्जदाराने आणलेला प्लॅन?

आणि हे सगळं आत्ताच का? २००८ च्या २१ सप्टेंबरला पेणच्या हेटवणे लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी महामुंबई सेझवर मत दिलं होतं. तेव्हा जमीन जाणार होती हे दिसत तरी होतं. ४ मार्च २०२४ च्या अधिसूचनेने उरण, पनवेल, पेणमधली १२४ गावं, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर, एमएमआरडीएच्या नव्या शहरासाठी दिली आहेत. रोहा, निडी त्यात नाही म्हणून आपण निवांत राहायचं कारण नाही. तिकडचे भाव वाढले की गिऱ्हाईक रेल्वेने इकडेच येणार.

तेव्हा खारपट्टीत ज्यांची शेतं आहेत त्यांना एक विनंती. गावात सत्तरीच्या पुढची माणसं आहेत तोवर त्यांना घेऊन बांधावर एक फेरी मारा. कुठली उघाडी १९९१ च्या आधीची, कुठली खांड कोणत्या सालची, तिवर कधी आलं. फोटो काढा, गट नंबर लिहा, ग्रामसभेत ठेवून ठरावात नोंद घ्या. खांडीसाठी दिलेल्या जुन्या अर्जांच्या पोच घरात असतील तर त्या टाकू नका, झेरॉक्स काढून ठेवा. फेरी सुकतीला मारा. आणि मग त्याच जागी एकदा पुनवेच्या उधाणालाही जाऊन उभे राहा.