वजनाची वही आणि आपली बैठक

एरवी मी हप्ते, कर्जफेड आणि इतिवृत्त यांवर बोलते. आज एका डॉक्टरांची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट दूरची आहे, अमेरिकेतल्या बोस्टन शहरातली आणि १९०५ सालची. पण ऐकताना तुम्हाला आपली गटाची बैठकच आठवेल.

तेव्हा क्षयरोगावर, म्हणजे टीबीवर औषध नव्हतं. जंतू १८८२ मध्येच सापडला होता, पण गुणकारी औषध मिळायला १९४० नंतरचा काळ उजाडावा लागला. तोवर उपाय एवढेच, विश्रांती, मोकळी हवा आणि चांगला आहार. पैसेवाले आरोग्यधामात जाऊन राहायचे. गरीब माणूस कोंदट खोलीत खोकत पडायचा आणि लोक त्याच्यापासून चार हात लांब राहायचे.

जोसेफ प्रॅट या तरुण डॉक्टरांनी अशा गरीब रुग्णांचा वर्ग सुरू केला. खर्च तिथल्या इमॅन्युएल चर्चने उचलला. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमायचं. प्रत्येकाकडे एक वही असायची. ताप किती, काय खाल्लं, किती वेळ मोकळ्या हवेत काढला, हे त्यात रोज लिहायचं. कुणी गच्चीवर तंबू ठोकून झोपायचं. बैठकीत वजन व्हायचं, वह्या तपासल्या जायच्या. मधल्या दिवसांत एक कार्यकर्ती घरी भेट द्यायची. नियमित बैठक, नियमित नोंद, घरभेट. ओळखीचं वाटतंय ना?

डॉक्टरांचा मूळ विचार साधा होता. तीच माहिती एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावी. पण घडलं त्याहून जास्त. ज्याचं वजन वाढलं, तो नव्याने आलेल्याला धीर देऊ लागला. माणसं वेगवेगळ्या वंशांची आणि पंथांची होती, पण दुखणं एक होतं आणि त्यानेच नातं जोडलं. डॉक्टरांच्या शब्दाने जे होत नव्हतं, ते शेजारी बसलेल्या रुग्णाच्या शब्दाने होत होतं. १९३० मध्ये प्रॅट यांनी बोस्टनमध्येच, ज्यांच्या शरीराच्या तक्रारींमागे मनाचा ताण होता, अशांसाठी वर्ग सुरू केला. समूह समुपदेशनाचा इतिहास सांगताना म्हणूनच त्यांचं नाव सुरुवातीला घेतात.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. व्यसन नवऱ्याचं असलं तरी सोसणं तिच्या वाट्याला येतं. ते सोसणाऱ्या दुसरीपाशी बोलायला तिला लाज वाटत नाही.

आता माझी चूक सांगते. आमच्या एका गटातल्या ताईचे तीन हप्ते थकले. बैठकीत विचारल्यावर ती रडू लागली. नवरा पैसे काढून घेतो, रात्र रात्र झोप लागत नाही, म्हणाली. झालं! सगळ्याजणी एकदम सुरू झाल्या, “असं कर, तसं कर, माहेरी जा.” तिचं पुरतं ऐकून कुणी घेतलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट पिठाच्या गिरणीवर पोहोचली. ताईने बैठकीला येणं सोडलं.

बैठक मी घेत होते. इथलं बोलणं इथेच ठेवायचं, हे मी आधी सांगायला हवं होतं. मी तिच्या घरी तीन वेळा गेले. तिसऱ्यांदा तिने दार उघडलं आणि म्हणाली, “ताई, हप्ता भरीन. पण परत बोलणार नाही.” आता ती येते, दाराजवळ बसते, हप्ता देते आणि जाते.

तेव्हापासून आमच्या बैठकीत चार नियम मोठ्याने म्हटले जातात. एक, इथलं बोलणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, घरच्यांनाही सांगायचं नाही. दोन, एक बोलत असताना बाकीच्यांनी ऐकायचं. तीन, मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. “माझ्यावरही अशी वेळ आली होती” एवढं सांगितलं तरी पुष्कळ. चार, बोलायची जबरदस्ती नाही.

आणि आपली मर्यादाही ओळखायची. कुणी जीव द्यायची भाषा केली, तर ते गंभीरपणे घ्या. तिला एकटं सोडू नका, सरकारी रुग्णालयात घेऊन जा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे. मारहाण होत असेल तर १८१ लावा. अशा वेळी जीव आधी, गुपित नंतर.

प्रॅट यांच्या वर्गात वजन वहीत लिहिलं जायचं. मनावरचं ओझं कुठल्या काट्यावर मोजता येत नाही. म्हणून पुढच्या बैठकीत वह्या उघडण्याआधी दहा मिनिटं एकमेकींसाठी ठेवा. आणि दाराजवळ कोण बसली आहे, तेही बघा.