श्वानांतील ‘दमा’ : एका निदानसंज्ञेचा इतिहास

सारांश : पाळीव कुत्र्याच्या धापेला व खोकल्याला सर्रास ‘दमा’ म्हटले जाते. या संज्ञेचा ऐतिहासिक मागोवा घेतला असता, मानवी दम्याचे प्रारूप श्वानास जसेच्या तसे लागू पडत नाही असे दिसून येते. या भेदाचा निदान व उपचार यांच्याशी असलेला संबंध प्रस्तुत लेखात तपासला आहे.

बीजशब्द : श्वान, दमा, अतिसंवेदनक्षमता, पशुवैद्यक, निदान

प्रस्तावना

‘दमा’ या शब्दाचे मूळ श्वास या अर्थाच्या फारसी ‘दम’ या शब्दात आहे. इंग्रजीत रूढ असलेल्या ‘अस्थमा’ या ग्रीक शब्दाचाही मूळ अर्थ धाप असाच आहे. दोन्ही शब्द लक्षण सांगतात, कारण सांगत नाहीत. मानवी वैद्यकात या शब्दाला कालांतराने नेमका अर्थ प्राप्त झाला. श्वानांच्या बाबतीत मात्र तो लक्षणवाचकच राहिला आणि तरीही रोगाचे नाव म्हणून वापरला गेला. या गफलतीची किंमत मुक्या प्राण्याला मोजावी लागते, म्हणून हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही.

लक्षण हाच रोग

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी श्वानवैद्यकात दमा हा घरात कोंडलेल्या, अतिपोषित व वयस्क कुत्र्यांचा विकार मानला जाई. हे निरीक्षण खोटे नव्हते, परंतु त्यामागील कारणे पाहण्याची साधने अपुरी होती. लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला, तर राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लावला. त्यामुळे हृदयाची झडप निकामी झालेला, श्वासनलिका चपटी होत असलेला आणि जुनाट श्वासनलिकादाह असलेला असे तिन्ही कुत्रे ‘दमेकरी’ याच सदरात जमा होत. भारतात पशुवैद्यकाचे आधुनिक शिक्षण याच शतकाच्या उत्तरार्धात रुजू लागले. मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

नेपच्यूनचा मृत्यू

दम्याच्या आधुनिक आकलनाच्या प्रारंभी एक कुत्राच उभा आहे, हा इतिहासातील विलक्षण योग होय. शार्ल रिशे व पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या नौकेवर सागरी प्राण्यांच्या विषाचा अभ्यास आरंभिला. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर केले. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने पहिली मात्रा सहन केली. काही आठवड्यांनी, १९०२ च्या फेब्रुवारीत, त्यास पुन्हा अल्प मात्रा देताच तो धापा टाकू लागला, कोसळला, त्यास रक्ताची उलटी झाली आणि सुमारे २५ मिनिटांत तो मरण पावला. संरक्षणाऐवजी विनाश घडविणाऱ्या या प्रतिक्रियेस ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हे नाव मिळाले. या कार्यासाठी रिशे यांना १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक प्राप्त झाले.

पुढील संशोधनात असे आढळले की, या प्रतिक्रियेचा मुख्य आघात कुत्र्यामध्ये यकृत व आतड्यांवर होतो, तर गिनिपिगमध्ये तो श्वासनलिकांवर होतो. १९१० मध्ये सॅम्युअल मेल्टझर यांनी मानवी दमा हा अ‍ॅनाफिलॅक्सिसचाच प्रकार असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा त्यास आधार गिनिपिगच्या फुप्फुसांचा होता. म्हणजे ज्या प्राण्याने ही प्रतिक्रिया जगाला दाखविली, त्याची फुप्फुसे दम्याचे प्रारूप ठरली नाहीत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळांनी बसेंजी व ग्रेहाउंड यांच्या संकरातील अतिसंवेदनशील श्वासनलिकांचे कुत्रे अभ्यासले. तथापि ते संशोधनाचे साधन होते. त्यावरून घरोघरच्या कुत्र्यांना दमा होतो असा निष्कर्ष निघत नाही. मांजरांत मानवी दम्यासारखा विकार चांगलाच परिचित आहे. कुत्र्यांत तो विरळ आहे. कुत्र्यांतील त्याच्या जवळचा विकार म्हणजे इओसिनोफिल पेशींच्या आधिक्याने होणारा श्वासनलिका-फुप्फुसदाह होय. २००० मध्ये सेसिल क्लर्क्स व सहकाऱ्यांनी त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. सायबेरियन हस्की जातीत तो अधिक आढळतो.

ओळख व व्यवस्थापन

या इतिहासाचा व्यावहारिक बोध असा की, धाप दिसताच ‘कोणता दमा?’ असे न विचारता ‘कशामुळे?’ असे विचारावे. लहान जातीच्या वयस्क कुत्र्याचा खोकला हृदयविकाराचा असू शकतो. बदकाच्या ओरडण्यासारखा खोकला श्वासनलिका चपटी होत असल्याचे सुचवितो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत घोरणे व धाप ही शरीररचनेचीच देणगी असते. हृदयकृमी, फुप्फुसकृमी व जंतुसंसर्ग यांचाही विचार आवश्यक ठरतो.

घरी करता येण्याजोगी सर्वांत उपयुक्त नोंद म्हणजे झोपेतील श्वासांची. निरोगी कुत्र्यात हे प्रमाण सामान्यतः मिनिटास ३० पेक्षा कमी असते. ते सातत्याने वाढत असल्यास तपासणी करवून घ्यावी. हिरड्या निळसर दिसल्यास विलंब न करता पशुवैद्य गाठावा. निश्चित निदानासाठी क्ष-किरण चित्र, हृदयतपासणी, कृमिपरीक्षण व गरजेनुसार दुर्बिणीद्वारे श्वासनलिकेतील पेशींची तपासणी केली जाते.

संसर्ग, कृमी व हृदयविकार नसल्याची खात्री झाल्यावरच स्टेरॉइड द्यावयाचे असते. ते पशुवैद्याच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केले जाते. मुखवटा जोडलेल्या नळकांड्यातून श्वासावाटे औषध देण्याची सोयही आता उपलब्ध आहे. वजन आटोक्यात ठेवणे, गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरणे, सिगारेट, उदबत्ती व डासांच्या कॉइलचा धूर टाळणे हे उपाय साधे असले तरी मोलाचे आहेत. घरातील माणसाचा इनहेलर मात्र कुत्र्यावर परस्पर वापरू नये व त्याच्या आवाक्यातही ठेवू नये. कुत्र्याने तो चावून फोडल्यास त्यातील साल्ब्युटामॉलमुळे हृदयगती धोकादायक वाढते व रक्तातील पोटॅशियम घटते.

समारोप

मानवी वैद्यकाने श्वानाकडून पुष्कळ घेतले, त्याच्या मृत्यूतूनही ज्ञान मिळविले. त्या ऋणाची किमान फेड म्हणजे त्याच्या धापेला आपल्या रोगाचे नाव देऊन मोकळे न होणे. हृदयविकाराने थकलेल्या कुत्र्याला ‘दमेकरी’ ठरविल्यास त्याच्या उपचारांचा मोलाचा काळ वाया जातो. नाव देण्यापूर्वी कारण शोधणे, हाच या संज्ञेच्या इतिहासाचा निष्कर्ष म्हणता येईल.