खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीची निरीक्षणे : नोंद, मांडणी व अंशशोधन

भारतातील रेडिओ-ज्योतिषाच्या इतिहासात उपकरणांच्या उभारणीचे वर्णन विपुल आढळते. त्या उपकरणांनी जमविलेल्या अंकांच्या मांडणीचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः निरीक्षणाचे मोल या मांडणीवरच अवलंबून असते.

प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे सूर्याच्या अभ्यासासाठी ३२ लहान आकाशक उभारले. पुढे त्यांच्याच पुढाकाराने जुन्नर तालुक्यातील खोडदजवळ महाकाय मीटरतरंग दुर्बीण (जीएमआरटी) साकार झाली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० आकाशकांपैकी १४ मध्यवर्ती चौकात व १६ तीन भुजांवर आहेत. येथे प्रत्येक दोन आकाशकांच्या संकेतांचा सहसंबंध काढला जातो. अशा जोड्या ४३५ होतात; प्रत्येक जोडीचा परमप्रसर व कला कंप्रतेगणिक, क्षणोक्षणी नोंदली जाते.

हे अंक सुटे घेतल्यास निरर्थक होत. कोणती जोडी, कोणती वेळ, कोणती कंप्रता, कोणता स्रोत, हे सांगणारा मथळा त्यांना जोडलेला असावा लागतो. खोडदची मूळ नोंद 'एलटीए' या स्थानिक स्वरूपात होते. नंतर ती 'फिट्स' या सर्वमान्य स्वरूपात आणली जाते. 'फिट्स'ची रूपरेषा १९७९ मध्ये ठरली व १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्योतिष संघाने तिला मान्यता दिली. पोथीच्या पुष्पिकेप्रमाणे नोंदीचा परिचय नोंदीतच असावा, हे तिचे तत्त्व होय.

मांडणीचा दुसरा हेतू अंशशोधनाचा. ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ यांसारख्या ज्ञात तीव्रतेच्या स्रोतावरून मोजमापाचे प्रमाण ठरते. इष्ट स्रोताजवळच्या दुसऱ्या स्रोताकडे दुर्बीण वारंवार वळवून कलेतील बदल जोखला जातो. उपद्रवी संकेतांनी दूषित झालेले अंक खुणा करून बाजूस ठेवले जातात. ते नष्ट करीत नाहीत, ही बाब महत्त्वाची.

या शिस्तीची कसोटी १५० मेगाहर्ट्‌झवरील आकाश-सर्वेक्षणात लागली. निरीक्षणे २०१० ते २०१२ या काळात झाली; मूळ चमूने त्यांचा काही भागच प्रसिद्ध केला. पुढे इंटेमा व सहकाऱ्यांनी जतन केलेल्या मूळ नोंदींवर नव्याने संस्करण करून २०१७ मध्ये सुमारे ३६,९०० चौरस अंशांचे आकाश व सहा लाखांहून अधिक स्रोत प्रसिद्ध केले. आयनांबरामुळे कलेत येणारा, दिशेनुसार बदलणारा दोष त्यांनी विशेष पद्धतीने दुरुस्त केला. तथापि अन्य सर्वेक्षणांशी तुलना करता काही भागांत तीव्रतेचे प्रमाण सरकल्याचे आढळले. हा दोष शोधता आला व त्याची दुरुस्ती सुचविता आली, याचे श्रेयही नोंदींच्या शिस्तीकडेच जाते.

सारांश, अंशशोधन हा अंतिम निवाडा नव्हे. तो पुन्हा तपासता यावा अशा रीतीने मूळ नोंद राखणे, हेच निरीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.