व्हेनिअर, दातांचे : निवड (मुळशी तालुक्याच्या संदर्भात)

दाताच्या दर्शनी बाजूवर कायमचे चिकटवलेले पातळ कवच म्हणजे व्हेनिअर. डागाळलेला रंग, दोन दातांमधली फट, तुटलेला कोपरा झाकण्यासाठी ते बसवतात. कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो. व्हेनिअरसाठी मुख्यतः पुढूनच.

कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी १९२८च्या सुमारास चित्रपटातील नटांसाठी अशी कवचे केली, पण ती तात्पुरतीच असत. दंतसंशोधक मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दंतवल्क (दाताचे बाहेरचे कठीण आवरण, इनॅमल) आम्लाने खरखरीत करून त्यावर राळ चिकटवण्याची पद्धत मांडली. पोर्सेलीनही तसेच खरखरीत करून घट्ट बसवता येते, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दिसून आले, आणि आजचे व्हेनिअर रूढ झाले.

सगळी मदार दंतवल्कावर असते. पुढच्या दाताच्या टोकाशी ते साधारण एक मिलिमीटर जाड असते, हिरडीजवळ जेमतेम त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. एकदा घासले की ते पुन्हा तयार होत नाही. खोल घासून आतले दंतिन उघडे पडले, तर चिकटण्याची ताकद घटते आणि दात शिवशिवतो. म्हणून कोणते कवच घ्यायचे हे विचारण्याआधी दात किती घासणार, हे विचारावे.

कवच कंपोझिटचे किंवा सिरॅमिकचे असते. कंपोझिट हे दातांच्या रंगाचे फिलिंगचेच द्रव्य. डॉक्टर ते थराथराने दातावर चढवतात, दिव्याने कडक करतात आणि तिथेच आकार देतात. बहुधा एका बैठकीत काम होते आणि दात फारसा घासावा लागत नाही. चहा-तंबाखूचे डाग ते लवकर धरते, चकाकी उतरते. पाच-सात वर्षांत डागडुजी येतेच. मात्र टवका उडाला तर तेवढीच जागा भरता येते. ताम्हिणीकडच्या एखाद्या वाडीतून एसटीने पौड किंवा पिरंगुटला येणाऱ्या माणसाला ही सोय मोठी आहे, कारण सिरॅमिक फुटले तर बहुतेक वेळा नवे माप, लॅब आणि पुन्हा खेपा.

सिरॅमिकमध्ये फेल्डस्पारयुक्त पोर्सेलीन सर्वांत नैसर्गिक दिसते, पण ठिसूळ असते. लिथियम डायसिलिकेट त्याच्या कितीतरी पट मजबूत असून आज अधिक वापरले जाते. दोन्हींसाठी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर घासावे लागते. नीट बसवलेले सिरॅमिक दहा-पंधरा वर्षे सहज टिकते. झिरकोनिया त्याहून बळकट, पण नेहमीच्या आम्लाने खरखरीत होत नाही. पातळ व्हेनिअरपेक्षा कॅपला ते अधिक योग्य. ‘न घासता व्हेनिअर’ ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात ते लहान, फटी असलेल्या किंवा आत झुकलेल्या दातांनाच शोभते. एरवी दात फुगीर दिसतात आणि हिरडीपाशी जाड कड राहून तिथे कीटण साचते.

मुळशीत गावाकडे वयस्क बायकांत मिश्री लावण्याची सवय अजून आढळते. तिचे डाग पुष्कळदा साध्या क्लीनिंग-पॉलिशिंगने निघतात आणि व्हेनिअरची गरजच उरत नाही. सवय न सोडता सिरॅमिक बसवले, तर कवच पांढरे राहते, पण त्याच्या कडेला काळी रेघ उमटते. शिवाय रोजच्या चोळण्याने हिरडीजवळ खाचा पडलेल्या असतील, तर आधी त्यांवर उपचार हवेत. पुढच्या दातांनी ऊस सोलणाऱ्याने तो सुरीने सोलावा. तिरका ताण पडून कवचाची कड उडते.

हिंजवडी-माणच्या आयटी पट्ट्यात बहुधा उलट अडचण येते : दात निरोगी असतात, लग्नाची तारीख जवळ आलेली असते आणि अतिशुभ्र शेड हवी असते. विशी-पंचविशीतल्या अशा दातांना आधी ब्लीचिंग, वाकडे असतील तर तारा किंवा अलायनर, आणि तरीही कमी पडले तर कंपोझिट, हा क्रम योग्य. तारीख गाठण्यासाठी निरोगी दात घासणे हा दातावर अन्याय आहे.

होकार देण्यापूर्वी तोंडात तात्पुरता नमुना बसवून पाहावा, तो लावून बोलावे, ‘फ’ आणि ‘व’ नीट उमटतात का ते ऐकावे. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्रीचा गार्ड लागतोच. ब्यूटी पार्लरमध्ये व्हेनिअर मुळीच करून घेऊ नये. डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडील नोंदणी विचारायला संकोच नको. दुसरे मत हवे असल्यास धनकवडीचे भारती विद्यापीठ, कॅम्पमधील रंगूनवाला किंवा पिंपरीचे डी. वाय. पाटील या दंत महाविद्यालयांत पदव्युत्तर विभाग आहेत. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात.