वेदकाळात तापीकाठी कोण राहत होतं?

‘वेदकालीन समाज’ म्हटलं की यज्ञ, गोधन, ऋषींचे आश्रम असं एक चित्र डोळ्यांपुढे येतं आणि आपण सगळा भारत त्यात बसवून टाकतो. आज आपण हे चित्र नंदुरबार जिल्ह्यात ताडून बघू.

आधी ऋग्वेद काय सांगतो? हा समाज मुख्यतः पशुपालकांचा. गाय हीच संपत्ती, इतकी की लढाईला शब्दच ‘गविष्टी’, म्हणजे गाईंची इच्छा. शेतात यव म्हणजे सातू. खाण्यात दूध, तूप, अपूप. इंद्र, अग्नी, वरुण हे देव. पण देऊळ नाही, अग्नीत आहुती द्यायची. विचारविनिमयाला सभा आणि समिती. चार वर्णांची नावं एकत्र येतात ती फक्त दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात. आणि भूगोल? त्याच मंडलातलं नदीसूक्त गंगा-यमुनेपासून सुरू होऊन सिंधूच्या खोऱ्याकडे जातं. त्यात तापी नाही, नर्मदाही नाही.

मग त्या काळी तापीकाठ ओसाड होता काय? मुळीच नाही. शहादा तालुक्यातलं प्रकाशे आपण दक्षिणकाशी म्हणून ओळखतो. तिथे तापी-गोमाईच्या संगमाजवळ १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. वस्तीचे चार कालखंड मिळाले. सर्वांत खालचा ताम्रपाषाणयुगाचा: रंगवलेली मडकी, दगडाची बारीक पाती, थोडंसं तांबं, लोखंड नाही. लोखंड येतं ते दुसऱ्या कालखंडात. याच जिल्ह्यातल्या सावळद्याच्या नावाने ओळखली जाणारी संस्कृती तर त्याहून जुनी.

प्रकाशे इथे जोर्वे पद्धतीची भांडीही सापडली. या जोर्वे संस्कृतीचं घरगुती जीवन पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात चांगलं उलगडलं. इ.स.पूर्व १४०० ते १००० च्या सुमाराचे हे शेतकरी. मुख्य पीक सातूच! पण लहान मूल गेलं तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मातीच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि सोबत बैल, असंही तिथे मिळालं. म्हणजे धान्य एक, पण श्रद्धेची रीत वेगळी.

आता प्रश्न येतो, हे लोक ‘आर्य’ की ‘अनार्य’? आजच्या कोणत्या समाजाचे पूर्वज? नंदुरबारमध्ये हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार इथे सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, आणि मूळचे कोण यावर इथे हक्काने बोललं जातं. पण मडक्यावरून भाषा कळत नाही, जात तर नाहीच. वेदांत शब्द आहेत, वस्तू नाहीत. प्रकाश्यात वस्तू आहेत, शब्द नाहीत. दोन्ही पुरावे शेजारी ठेवावेत. एकाच्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं घालू नये.

वैदिक परंपरा दक्षिणेत आली ती हळूहळू. ऐतरेय ब्राह्मणात विदर्भाच्या भीम राजाचा उल्लेख येतो. महाराष्ट्रात यज्ञांचा ठोस लेखी पुरावा म्हणजे नाणेघाटातला नागनिकेचा शिलालेख, साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकातला. त्यात अश्वमेध आहे, दक्षिणेत दिलेल्या हजारो गाई आहेत. प्रकाश्याची पहिली वस्ती त्याच्या हजाराहून अधिक वर्षं आधीची. तेव्हा आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगताना सुरुवात तिथून करायला हवी.