ओळ कुठे संपते? एकच प्रोग्राम अनेक यंत्रांवर चालवण्याची कथा

समजा, शाळेच्या संगणक कक्षात दहा संगणक आहेत. काहींवर विंडोज आहे, काहींवर लिनक्स, आणि एका शिक्षकांकडे स्वतःचा मॅक आहे. एका विद्यार्थ्याने प्रश्नमंजुषेचा छोटासा प्रोग्राम लिहिला. त्याच्या यंत्रावर तो व्यवस्थित चालतो. शेजारच्या यंत्रावर मात्र प्रश्नांची फाइल सापडत नाही. ती सापडली, तर बटणांवरची अक्षरे अर्धवट दिसतात, आणि बरोबर उत्तर दिले तरी ‘चूक’ असा शेरा येतो. प्रोग्राममधला तर्क तोच आहे, गणितही तेच आहे. मग बिघडले काय?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा संगणकशास्त्रापेक्षा संगणकाच्या इतिहासात सापडते. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी, आपापल्या सोयीने घेतलेले लहान लहान निर्णय यंत्रांमध्ये कायमचे मुरले. एकच प्रोग्राम सर्व यंत्रांवर चालावा म्हणून धडपडणाऱ्या विद्यार्थ्यांनी, संशोधकांनी आणि हौशी प्रोग्रामकर्त्यांनी या निर्णयांशी कसा सामना केला, ते या लेखात पाहू या.

टंकयंत्राचा वारसा

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. ओळ कुठे संपली हे संगणकाला कसे कळते?

१९६३ मध्ये ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ हे दूरटंकयंत्र बाजारात आले. ते सेकंदाला दहा अक्षरे छापत असे. ओळ संपली की त्याला दोन वेगळ्या हालचाली कराव्या लागत. पहिली, छपाईचे मुंडके ओळीच्या सुरुवातीला परत आणणे; दुसरी, कागद एक ओळ वर सरकवणे. आस्की या संकेतावलीत या दोन आज्ञांना १३ आणि १० असे क्रमांक मिळाले. मुंडके परत यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा, जास्त वेळ लागे. म्हणून आधी १३ आणि मग १० पाठवत. कागद सरकेपर्यंत मुंडक्याला परतायला थोडी सवड मिळे.

पुढे छपाईऐवजी पडदा आला, मुंडके गेले, कागदही गेला; पण हे क्रमांक राहिले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्सने ओळीच्या शेवटी फक्त १० ठेवायचे ठरवले. सीपी/एम या प्रणालीने १३ आणि १० ही जोडी ठेवली. १९८१ मध्ये डॉसने ती उचलली आणि डॉसकडून ती विंडोजकडे आली. १९८४ च्या मॅकिंटॉशने फक्त १३ निवडला. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आल्यावर तेथे युनिक्सची रीत आली. अशा प्रकारे एकाच ओळीचे तीन वेगवेगळे शेवट जगात नांदू लागले.

यातून होणारा घोटाळा मोठा चमत्कारिक असतो. लिनक्सवर लिहिलेली फाइल विंडोजच्या ‘नोटपॅड’मध्ये उघडली की सगळा मजकूर एका सलग ओळीत दिसे, ही अडचण २०१८ मध्ये दूर झाली. उलट, विंडोजवरची फाइल लिनक्सवर वाचली की प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ क्रमांकाचे एक अदृश्य चिन्ह उरू शकते. आपल्या प्रश्नमंजुषेत फाइलमधले उत्तर ‘पुणे’ आणि मुलाने टंकलेले उत्तर ‘पुणे’ दिसायला सारखेच. पण पहिल्याच्या शेपटाला ते चिन्ह चिकटलेले. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्याने ‘चूक’ म्हटले हे त्याच्या बाजूने बरोबरच आहे!

यावरचा उपाय आपल्या घरातल्या एका जुन्या रीतीसारखा आहे. बाहेरच्या चपला उंबरठ्याशी काढायच्या. घरात सगळे अनवाणी. प्रोग्रामच्या आत ओळीचा शेवट एकाच चिन्हाने दाखवायचा, आणि फाइल वाचताना व लिहिताना, म्हणजे उंबरठ्यावरच, रूपांतर करायचे. सी भाषेत मजकुराच्या फाइली उघडण्याची वेगळी पद्धत ठेवली गेली ती याचसाठी. पायथन भाषाही मजकूर वाचताना तिन्ही प्रकारचे शेवट एकाच चिन्हात बदलून घेते. हे तत्त्व लक्षात ठेवू. पुढे ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

सरळ रेघ, उलटी रेघ

फाइलचा पत्ता लिहिताना युनिक्समध्ये कप्प्यांच्या नावांमध्ये ‘/’ ही तिरकी रेघ येते, तर विंडोजमध्ये ‘\’ ही उलटी रेघ. यामागेही इतिहासच आहे. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत कप्प्यांची सोयच नव्हती. त्यामुळे ‘/’ हे चिन्ह आज्ञांचे पर्याय लिहायला वापरले गेले. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत कप्पे आले, तेव्हा हे चिन्ह आधीच अडकलेले होते. म्हणून उलटी रेघ घ्यावी लागली.

हौशी प्रोग्रामकर्ता आपल्या यंत्रावरचा पत्ता जसाच्या तसा प्रोग्राममध्ये लिहितो आणि दुसऱ्या यंत्रावर तो कोलमडतो. येथेही उपाय उंबरठ्याचाच. पत्ता हे एक अखंड वाक्य न मानता कप्प्यांच्या नावांची यादी मानायची, आणि रेघ कोणती लावायची ते शेवटच्या क्षणी त्या त्या यंत्रावर सोडायचे. पायथनमध्ये २०१४ पासून त्यासाठी ‘पाथलिब’ हे साधन अंगभूत आहे.

सगळेच भेद मात्र रूपांतराने मिटत नाहीत. लिनक्सच्या दृष्टीने रोमन लिपीतल्या लहान आणि मोठ्या अक्षरांनी लिहिलेली नावे ही दोन वेगळ्या फाइलींची नावे असतात. विंडोज त्यांना सहसा एकच समजते. विंडोजवर खपून गेलेली चूक लिनक्सवर उघडी पडते. येथे शिस्त हाच उपाय. अनुभवी मंडळी फाइलींची नावे सरसकट लहान अक्षरांतच ठेवतात, ती यामुळे.

खिडक्या आणि बटणे

पडद्यावर खिडक्या, बटणे आणि याद्या आल्या, तेव्हा प्रश्न फार मोठा झाला. प्रत्येक प्रणालीची खिडकी उघडण्याची रीत निराळी होती. तीन यंत्रांसाठी तीन वेळा प्रोग्राम लिहिणे एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि तयार साधने महाग होती.

१९९२ मध्ये एडिंबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांना आकृत्या काढण्याचा एक प्रोग्राम सन कंपनीच्या युनिक्स यंत्रांवर आणि विंडोजवरही चालवायचा होता. त्यांनी त्यासाठी स्वतःच एक साधनसंच लिहिला आणि तो सर्वांना मोकळा केला. आज तो ‘डब्ल्यूएक्सविजेट्स’ या नावाने ओळखला जातो. नॉर्वेतील हॉवर्ड नोर्ड आणि आयरिक चांबे-एंग हे १९९० मध्ये श्राव्यातीत ध्वनिचित्रांच्या संग्रहासाठी प्रोग्राम लिहीत होते. तो युनिक्स, मॅकिंटॉश आणि विंडोज या तिन्हींवर चालावा अशी अट होती. त्या गरजेतून ‘क्यूट’ हा साधनसंच निघाला. त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९५ मध्ये आली. बर्कलीत स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ‘गिंप’ हा चित्रसंपादक सुरू केला. त्यांनी वापरलेला खिडक्यांचा संच विकतचा होता. म्हणून त्यांनी स्वतःचा ‘जीटीके’ घडवला. पुढे फिनलंडच्या टोर लिलक्विस्ट यांनी गिंप विंडोजवर आणला, आणि त्यासाठी जीटीकेलाही तेथे न्यावे लागले.

या सर्वांपुढे दोन वाटा होत्या. पहिली दुभाष्याची. प्रोग्रामने म्हणायचे, “एक बटण हवे”. साधनसंचाने विंडोजवर विंडोजचे बटण मागायचे, मॅकवर मॅकचे. स्मार्ट यांनी ही वाट धरली. ‘ऑडॅसिटी’ हा ध्वनिसंपादक याच संचावर उभा राहिला. दुसरी वाट चित्रकाराची. यंत्राकडून फक्त कोरी खिडकी घ्यायची आणि त्यात बटण, यादी, सारे काही आपणच रंगवायचे. क्यूट आणि जीटीके या वाटेने गेले.

दुभाष्याच्या वाटेतला धोका जावा भाषेच्या पहिल्या साधनसंचात दिसला. जे घटक सर्व यंत्रांवर उपलब्ध, तेवढेच त्यात घेता येत; त्यामुळे संच तोकडा राहिला. म्हणून १९९८ मध्ये जावाने ‘स्विंग’ हा स्वतः रंगवणारा संच पुढे आणला. पण चित्रकाराची वाटही निर्धोक नाही. हुबेहूब रंगवलेले बटणही सवयीच्या जागी नसेल तर माणूस अडखळतो. विंडोजमध्ये ‘ठीक’ डावीकडे आणि ‘रद्द’ उजवीकडे. मॅकवर नेमके उलट. म्हणून आता बटणे कोणत्या क्रमाने मांडायची, हेही साधनसंच त्या त्या यंत्राची रीत पाहून ठरवतात.

अक्षरे कापली जाण्याचे कारणही समजून घेऊ. हौशी माणूस बटणाची जागा बिंदूंत मोजून लिहितो: येथून साठ बिंदू रुंद. दुसऱ्या यंत्रावर फाँट थोडा मोठा असतो, किंवा इंग्रजीच्या जागी लांब मराठी शब्द येतो, आणि साठ बिंदू अपुरे पडतात. उपाय असा, की मोजमाप न सांगता नाते सांगायचे: “हे बटण त्या चौकटीच्या उजवीकडे, आतला मजकूर मावेल एवढे, आणि उरलेली जागा चौकटीला.” भूमितीत आपण लांबी न देता “मध्यबिंदू घ्या” म्हणतो, तसेच हे आहे.

शोधण्याची रीत

हौशी माणसाकडे बहुधा एकच संगणक असतो. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावरची तक्रार अनोळखी माणसाकडून येते: “तुमचा प्रोग्राम चालत नाही.” एवढ्यावरून काहीच करता येत नाही. या गरजेतून या मंडळींत एक रीत रुजली, आणि शिक्षकांनी ती जरूर पाहावी.

आधी दोष हुकमी पुन्हा घडवून दाखवायचा. मग प्रोग्राममधला दोषाशी संबंध नसलेला भाग काढत जायचा, दहा-वीस ओळी उरेपर्यंत. हजार ओळींतला दोष परक्या माणसाला शोधता येत नाही. वीस ओळींतला येतो. पुष्कळदा या काटछाटीतच दोष स्वतःहून समोर येतो आणि विचारण्याची वेळच येत नाही. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची: यंत्र तेच ठेवून फाइल बदला, फाइल तीच ठेवून यंत्र बदला. आपण प्रयोगशाळेत लंबकाची लांबी बदलताना गोळा तोच ठेवतो, त्याहून हे काही वेगळे नाही.

‘दुसऱ्या’ शब्दाची गोष्ट

आता आपल्या घरचा प्रश्न. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी फाँटांच्या संकेतावल्या आपापल्या असत. एका संगणकावर टंकलेली प्रश्नपत्रिका दुसरीकडे अगम्य चिन्हांत उघडे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. घरात चालणारी एक रीतच ठरलेली नव्हती, मग उंबरठ्यावर रूपांतर कशात करणार? युनिकोडने ती सामाईक रीत दिली. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, आणि २००२ मध्ये जीटीकेच्या नव्या आवृत्तीबरोबर ‘पँगो’ हे लिपी मांडणारे साधन आले.

तरीही ‘दुसऱ्या’ हा शब्द पाहा. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ हे एकच चिन्ह, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे. योग्य फाँट असेल तर दिसायला दोन्ही सारखे. युनिकोडच्या नियमानुसार ते समानही आहेत, पण पहिल्या प्रकारात शब्दाची सात चिन्हे होतात, दुसऱ्यात आठ. १९९८ पासून अनेक वर्षे मॅकवर वापरात असलेली फाइलव्यवस्था नावांतली अशी चिन्हे सुटी करून ठेवत असे. लिनक्स जसे दिले तसेच ठेवते. साहजिकच मॅकवरून आलेली ‘दुसऱ्या’ नावाची फाइल लिनक्सवर त्याच नावाने शोधली तर सापडेलच असे नाही.

हे दोन प्रकार नियमाने एक करता येतात. परंतु तिसरीही रीत आहे: साधा ‘र’, हलन्त, आणि एक अदृश्य जोडचिन्ह. त्यानेही तसाच ‘ऱ्या’ उमटतो. मात्र ही रीत युनिकोडच्या नियमाने पहिल्या दोहोंशी समान ठरत नाही. येथे उंबरठ्यावर काय करायचे हे मराठी जाणणाऱ्यालाच सांगता येईल. एडिंबरो, नॉर्वे किंवा फिनलंडमधल्या प्रोग्रामकर्त्याला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक कुठून माहीत असणार? आपण वीस ओळींचा नमुना करून दाखवला नाही, तर हा दोष त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतो.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. पायथनमध्ये ‘दुसऱ्या’ हा शब्द तिन्ही रीतींनी लिहायला सांगा आणि प्रत्येकाची लांबी मोजायला लावा. सात, आठ आणि आठ ही उत्तरे येतील. मग दोन-दोन शब्द समान आहेत का, असे संगणकाला विचारा. उत्तर नकारार्थी आले की विद्यार्थ्यांनाच विचारा: चूक संगणकाची, शब्दाची, की आपण विचारलेल्या प्रश्नाची? त्यानंतर ‘समान’ म्हणजे काय हे त्यांनी स्वतः ठरवावे, आणि तसे ठरवणारा छोटासा प्रोग्राम लिहून तो शेजारच्या वेगळ्या प्रणालीच्या संगणकावर चालवून पाहावा.